जिवाणूला ऊब कशी कळते?

‘जिवाणूही विचार करतात’ अशा मथळ्यांचा मला मनापासून राग येतो. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरीही एक पेशी उबेच्या दिशेने पोहत जाते, ती निव्वळ रसायनाच्या बळावर. एवढं नवल समोर असताना त्याला बुद्धीचं लेबल चिकटवलं की खरी गंमत झाकली जाते.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. लांबी जेमतेम 2 मायक्रोमीटर. एवढ्याशा अंगाच्या दोन टोकांच्या तापमानात फरक तो कितीसा असणार? म्हणून तो पोहता पोहता आत्ताची ऊब दोनचार सेकंदांपूर्वीच्या उबेशी ताडून पाहतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं: सेकंदभर सरळ धाव, मग निमिषभर जागच्या जागी गडबडून लोळण, आणि पुन्हा भलत्याच दिशेला धाव. ऊब वाढत असेल तर लोळणं कमी होतं, धाव लांबते. दिशा ठरवायची गरजच पडत नाही.

पण ऊब कळते कशी? अन्नाचा रेणू ग्राही प्रथिनाला, म्हणजे बाहेरची खबर टिपणाऱ्या प्रथिनाला, येऊन चिकटतो. ऊब ही काही वस्तू नव्हे, ती चिकटणार कशी? इथे एरवी अमिनो आम्लं हुंगणारी ‘टार’ आणि ‘टीएसआर’ ही प्रथिनंच कामी येतात. ऊब वाढली की त्यांना जोडलेलं ‘चे-ए’ हे विकर (एन्झाइम) मंदावतं. मग ‘चे-वाय’ या निरोप्यावर फॉस्फेट कमी चढतं, कशाभिकांच्या, म्हणजे पोहायच्या शेपट्यांच्या, मोटरला दिशा उलटून लोळण्याचा निरोप कमी वेळा मिळतो, आणि धाव चालू राहते. पाठोपाठ दुसरं एक विकर ग्राहीवर मेथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे चिमुकले तुकडे) चढवून चे-ए ला हळूहळू मूळपदावर आणतं. हे मेथिल गट म्हणजेच जिवाणूची आठवण.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. मेथिल गट नसलेलं टार ऊब वाढल्यावर ‘धाव’ म्हणतं. अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल चिकटून त्यावर मेथिल गट चढले की तेच टार उलटतं आणि थंडावा वाढल्यावर ‘धाव’ म्हणू लागतं. प्रथिन तेच, कौल उलटा!

2007 मध्ये सलमान आणि लिबशाबर या संशोधकांनी दाखवलं, की विरळ वस्तीत उबेकडे जाणारे ई. कोलाय दाटी वाढल्यावर थंड बाजूला वळतात. पेशीत टीएसआरच्या तुलनेत टार किती, यावर ते ठरतं.