पॅनिकल हायड्रेंजिया: होक्काइडोचे झुडूप आणि कोल्हापूरची कुंडी

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातील हौशी बागप्रेमींच्या बोलण्यात हायड्रेंजियाचे नाव वारंवार येऊ लागले आहे. मोबाइलवर दिसणारे वीतभर लांबीचे, शंकूच्या आकाराचे, पांढऱ्यातून गुलाबीकडे झुकत जाणारे फुलोरे पाहून अनेकांना ते झाड आपल्याही परड्यात असावे असे वाटते. रोपवाटिकेत चौकशी केल्यावर मात्र याच नावाने बहुधा गोल गेंदासारखी निळी किंवा गुलाबी फुले येणारे रोप हातात पडते. ही दोन्ही झाडे एकाच प्रजातीतील असली, तरी त्यांचे मूळ, छाटणीची रीत आणि रंग पालटण्याचे कारण ही सर्वच वेगवेगळी आहेत. त्यातील शंकूच्या आकाराचा फुलोरा धरणाऱ्या जातीचा, म्हणजे हायड्रेंजिया पॅनिक्युलाटाचा, पूर्वेतिहास समजला, तर ती कोल्हापुरात कितपत रमेल याचाही अंदाज बांधता येतो.

ही जात मूळची जपान, दक्षिण व पूर्व चीन आणि रशियाचे सखालिन बेट या भागांतील आहे. जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइडो बेटावर, जेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली असते, तेथेही ती डोंगरउतारांवर, जंगलाच्या कडेने आणि दलदलीच्या काठाने सहज वाढते. रानातील झुडूप पाच मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही उंच होते. या जातीचा एक आप्त आपल्याच देशात आहे. हिमालयात आढळणारी हायड्रेंजिया हेटरोमाला ही जात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिच्या अगदी जवळची मानली जाते आणि डेव्हिड डॉन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1825 मध्ये नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचे वर्णन केले होते. बागेतील लौकिक मात्र जपानच्या बहिणीच्याच वाट्याला आला.

जपानी माणसाने या झुडपाकडे आधी फुलांसाठी पाहिले नाही. त्याच्या आतल्या सालीतून एक बुळबुळीत, चिकट द्रव सुटतो आणि हाताने कागद बनवणारे कारागीर तो लगद्याच्या पाण्यात मिसळत असत. त्यामुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात सारखे पसरून राहतात, पाणी चाळणीतून सावकाश निथळते आणि कागद पातळ असूनही मजबूत होतो. याच कामासाठी तेथे आणखी एक वनस्पती वापरली जाते व ती आपल्या भेंडीच्या प्रजातीतील आहे. गुऱ्हाळघरात काहिलीतल्या रसावर मळी गोळा व्हावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, हे करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही सांगावे लागत नाही; जपानी कागदकाराचे काम वेगळे असले, तरी वनस्पतीतील चिकाचा गुण ओळखून तो कामाला लावण्याची दृष्टी तीच आहे. होक्काइडोमध्ये या झुडपाच्या लाकडाचे तंबाखू ओढण्याचे पाइपही बनत असत.

युरोपला या जातीची ओळख झाली ती फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड या जर्मन वैद्यामुळे. त्या काळी जपानने परकीयांना जवळजवळ पूर्ण मज्जाव केला होता. युरोपियांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटावर राहण्याची मुभा होती. सीबोल्ड 1823 मध्ये तेथे डच वखारीचा वैद्य म्हणून दाखल झाला. त्याचे डच उच्चार ऐकून दुभाष्यांना संशय आला, तेव्हा आपण डोंगराळ भागातील डच असल्याची बतावणी करण्यात आली, अशी हकिकत सांगितली जाते. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत हे त्या दुभाष्यांना ठाऊक नसावे. उपचार आणि शिकवणी यांच्या बदल्यात तो पैशांऐवजी वस्तू आणि वनस्पती स्वीकारत असे. अशा रीतीने त्याने देजिमावर एक बागच उभी केली. 1826 मध्ये डच प्रतिनिधीबरोबर एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत, प्रवास करण्याची संधी मिळाल्यामुळे त्याच्या संग्रहात आणखी भर पडली. जपानी चहाचे बी त्याने जावा बेटावर पाठवले आणि तेथील चहाच्या लागवडीचा आरंभ त्याच बियाण्यापासून झाला.

पुढे 1828 मध्ये त्याच्याजवळ जपानचे नकाशे सापडले. परकीयाला नकाशा देणे हा तेथे गंभीर गुन्हा होता. नकाशे पुरवणारे दरबारी खगोलशास्त्रज्ञ ताकाहाशी कागेयासु तुरुंगातच मरण पावले आणि सीबोल्डला हद्दपारीचा हुकूम झाला. ही चौकशी चालू असतानाच, 1829 मध्ये, हायड्रेंजियांवरील त्याचे लेखन जर्मनीत छापले गेले आणि हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा हे शास्त्रीय नाव त्यातूनच रूढ झाले. जपानमधील आपली सहचरी ताकी हिचे नाव त्याने मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या एका प्रकाराला दिले होते. ताकी आणि त्यांची मुलगी मात्र मागेच राहिल्या. ही मुलगी, कुसुमोतो इने, पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानची पहिली स्त्री वैद्य म्हणून प्रसिद्ध झाली.

नाव मिळाले, तरी जिवंत झाड पश्चिमेकडे पोहोचायला आणखी तीसेक वर्षे जावी लागली. 1850 च्या दशकात जपानची दारे उघडली, 1859 मध्ये सीबोल्ड स्वतः पुन्हा तेथे गेला आणि 1860 च्या दशकात 'ग्रँडिफ्लोरा' हा वाण युरोप आणि अमेरिकेच्या बागांत दिसू लागला. हा वाण जपानी माळ्यांनी आधीच निवडून जोपासलेला होता, ही गोष्ट पाश्चात्त्य वर्णनांत बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. अमेरिकेत तो इतका पसरला की शेतघरांच्या अंगणांत आणि दफनभूमींतही त्याची जुनी झाडे आढळतात. अतिपरिचयामुळे पुढे त्याची हौस ओसरली.

त्याला पुन्हा दिवस आले ते बेल्जियममुळे. रॉबर्ट आणि जॉर्जेस दे बेल्डर या हिऱ्यांच्या व्यापारातील बंधूंनी 1952 मध्ये काल्मथाउट येथील जुने वृक्षोद्यान विकत घेतले. रॉबर्ट यांच्या पत्नी येलेना या मूळच्या स्लोव्हेनियाच्या. या दाम्पत्याने पॅनिक्युलाटाचे बी पेरून उगवलेल्या रोपांतून निवड करण्याचे काम चिकाटीने केले आणि 'युनिक', 'पिंक डायमंड', 'व्हाइट मॉथ' यांसारखे वाण त्यातून पुढे आले. हिऱ्यांचा धंदा निदान एका नावात तरी डोकावला आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्यांच्या निवडीचे वैशिष्ट्य असे की, 'ग्रँडिफ्लोरा'मध्ये दिसणाऱ्या गच्च आणि पावसाने ओथंबून जमिनीला टेकणाऱ्या फुलोऱ्याऐवजी त्यांनी ताठ दांड्याला आणि गुलाबी छटेला महत्त्व दिले. त्यानंतर नेदरलँड्समधील बॉस्कोप या रोपवाटिकांच्या गावात पीटर झ्वाइनेनबर्ग यांनी 'लाइमलाइट' हा हिरवट फुलोऱ्याचा वाण तयार केला आणि 2000 नंतर तो जगभर गाजला. फ्रान्सच्या रेनो यांचा 'व्हॅनिल फ्रेझ', तसेच बेल्जियममधील संशोधन केंद्रात तयार झालेले 'पिंकी विंकी' आणि जेमतेम मीटरभर वाढणारे 'बोबो' हे त्यापुढचे. मोबाइलवरील छायाचित्रांत जे दिसते, ते बहुतांशी या शेवटच्या पिढीचे वाण होत.

या फुलांचा रंग समजून घ्यायचा, तर एक फुलोरा हातात धरून जवळून पाहावा लागतो. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या चार मोठ्या पांढऱ्या पाती प्रत्यक्षात निदले असतात, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याचा भाग. त्यांच्या मध्यभागी मोहरीएवढा एक ठिपका असतो. खरे फूल तेवढेच आणि तेही बहुधा वंध्य. बी धरणारी फुले या पात्यांच्या आत दडलेली, अगदी बारीक आणि पुंकेसरांनी भरलेली असतात व मधमाश्या त्यांच्याकडेच येतात. खऱ्या पाकळ्या काही दिवसांत गळतात, निदले मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात आणि जून होताना त्यांच्यात गुलाबी-लाल रंगद्रव्य साठत जाते. शंकूच्या तळाची फुले आधी उमललेली असल्याने गुलाबी छटा खालून वर चढते आणि टोक पांढरेच राहते. 'पिंकी विंकी'सारख्या वाणात टोकाला नवी फुले येत राहतात, म्हणून हा दुरंगी देखावा अधिक काळ टिकतो.

हा रंग रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असतो. ऋतू पालटून रात्री थंड होऊ लागल्या की गुलाबी रंग गडद होतो. रात्री उबदार राहिल्या, तर फुलोरा पांढऱ्यावरून थेट तपकिरी होण्याचा संभव अधिक असतो. जमिनीच्या सामूचा, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचा, या जातीच्या रंगाशी संबंध नाही. पॅनिक्युलाटा कोणत्याही मातीत निळा होत नाही, त्यामुळे त्या नावाखाली निळ्या शंकूचे चित्र दिसले, तर ते चित्र खोटे समजावे. निळ्या-गुलाबीची किमया मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची, म्हणजे मॅक्रोफिलाची आहे. तिला आम्लधर्मी मातीतील ॲल्युमिनियम मिळाले की फुले निळी होतात आणि सामू साडेसहाच्या वर गेला की ती गुलाबीकडे वळतात.

भारतात हायड्रेंजिया रुजला तो ब्रिटिश काळातील थंड हवेच्या ठिकाणी. उटीचे वनस्पती उद्यान 1848 मध्ये आकाराला येऊ लागले, दार्जिलिंगचे 1878 मध्ये. अशा डोंगरी शहरांतील बंगल्यांच्या कडेने मॅक्रोफिलाची झुडपे आजही पावसाळ्यात फुललेली दिसतात. परदेशी पीक येथील डोंगरावर आणून पाहण्याची कल्पना कोल्हापूरलाही अपरिचित नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत पन्हाळ्याच्या परिसरात चहाच्या लागवडीचा प्रयोग झाला होता. शोभेच्या थंडप्रिय झुडपांसाठी मात्र पन्हाळ्याची उंची तोकडी पडते.

कोल्हापूर शहर तर साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. येथे डिसेंबर-जानेवारीतही किमान तापमान साधारणतः 14-15 अंशांच्या घरात असते. पॅनिक्युलाटाचे वर्षचक्र याच्या नेमके उलट रचलेले आहे: शरदात पानगळ, गोठवणाऱ्या थंडीत पूर्ण सुप्तावस्था, वसंतात जोमदार नवी फूट आणि त्याच फुटीच्या टोकाला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलोरा. उणे 35 अंश सोसणाऱ्या या झाडाला आपल्याकडे विश्रांतीच मिळत नाही. फेब्रुवारीत आलेल्या कोवळ्या फुटीला लगेच एप्रिल-मेचे ऊन गाठते आणि त्यातून फुलोरा आलाच, तर तो जून-जुलैच्या झडीत भिजून कुजण्याची शक्यता असते. म्हणूनच माझ्या मते कोल्हापुरात हे झाड जमिनीत लावू नये. ज्यांना हौस आहे त्यांनी मोठ्या कुंडीत, पूर्वेच्या सज्जावर, प्रयोग म्हणून ते सांभाळावे. जानेवारीत जून फांद्या एक-दोन डोळे ठेवून कमी कराव्यात, मार्चपासून कुंडी सावलीत हलवावी आणि मातीवर उसाच्या पाचटाचे आच्छादन द्यावे. छाटणीचा हा नियम मॅक्रोफिलाला लावू नये, कारण तिचे कळे आदल्या वर्षीच्या फांदीवर धरतात आणि हिवाळ्यात कात्री चालवली की वर्षभराची फुले जातात.

मॅक्रोफिला येथे त्यामानाने सोपी आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांतील जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असल्याने तेथे ती निळी फुलण्याची शक्यता अधिक. पंचगंगेच्या काळ्या मातीत आणि विशेषतः बोअरच्या जड पाण्यावर ती गुलाबी होते. एकाच रोपवाटिकेतून आणलेली दोन रोपे दोन घरी दोन रंगांची फुलली, तर त्यात रोपवाटिकेचा दोष नसतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटांना मात्र दूरच ठेवावे. नामांकित वाण केवळ छाटकलमानेच जसाच्या तसा मिळतो; धुळीसारख्या बारीक बियांतून तो उतरत नाही, हे दे बेल्डर दाम्पत्याच्या निवडीच्या कामावरूनच स्पष्ट होते.

पांढऱ्या-गुलाबी निदलांचीच शोभा हवी असेल, तर येथील हवेला मानवणारे झाड हाताशी आहे. आंबा घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलात पावसाळ्यात भूतकेस फुलतो: बारीक नारिंगी फुलांच्या झुबक्यात काही फुलांचे एकेक निदल वाढून पानाएवढे पांढरे झालेले असते. हाच मुसंडा. याच प्रजातीतील एका जातीत पाचही निदले पांढरी झालेला 'दोन्या अरोरा' हा प्रकार विसाव्या शतकात फिलिपाइन्समध्ये सापडला व त्याला तेथील राष्ट्राध्यक्ष केझॉन यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले. त्यावरून पुढे गुलाबी व सोनेरी छटांचे संकर झाले आणि ते आता आपल्याकडील बहुतेक रोपवाटिकांत मिळतात. या झाडाला कडक थंडी लागत नाही, ऊन चालते आणि हिवाळ्याच्या अखेरीस हलकी छाटणी केली की उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत ते फुलत राहते.