अश्लील म्हणणं वेगळं, ‘मला विचारलं नाही’ म्हणणं वेगळं

डाकू म्हणून गाजलेल्या फूलनदेवींच्या आयुष्यावरचा ‘बँडिट क्वीन’ हा चित्रपट दाखवू नका, असं सांगायला दोन माणसं दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मागणी सारखीच, म्हणून आजही चर्चेत दोघांना ‘सेन्सॉरवाले’ म्हणून एकाच माळेत ओवतात. ते बरोबर नाही.

पहिले ओमपाल सिंह हून. चित्रपट अश्लील आहे आणि त्यातून गुर्जर समाजाची बदनामी होते, हा त्यांचा आक्षेप. अश्लीलतेचा वाद प्रेक्षकाभोवती फिरतो: बघणाऱ्याच्या मनात काय उठेल? सर्वोच्च न्यायालयाने 1 मे 1996 रोजी याच प्रश्नाचं उत्तर दिलं. गावासमोर विवस्त्र करून पाणी आणायला लावलेली बाई पाहून वासना नव्हे, शरम आणि कळवळा जागा होतो, असं म्हणत न्यायालयाने उच्च न्यायालयाने रद्द केलेलं ‘फक्त प्रौढांसाठी’चं प्रमाणपत्र पुन्हा कायम केलं. मला हे पूर्ण पटतं. किती तरी हिंदी मसालापटांत कॅमेरा खलनायकाच्या नजरेनेच पदराकडे बघायचा आणि पुढच्या रांगांतून शिट्ट्या यायच्या. इथे बघणाऱ्याची मान खाली जाते.

दुसऱ्या खुद्द फूलनदेवी. त्यांचा झगडा प्रेक्षकाशी नव्हताच. 11 वर्षं तुरुंगात काढून त्या 1994 मध्ये बाहेर आल्या, तोवर त्यांच्यावरचा बलात्कार ‘सत्यकथा’ म्हणून चित्रित झालेला होता. त्या जिवंत होत्या, खटले डोक्यावर होते. त्यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात प्रदर्शनाला तात्पुरती मनाई केली. जिवंत बाईवरचा बलात्कार तिला न विचारता पुन्हा उभा करायचा अधिकार कुणाचा, हे लेखिका अरुंधती रॉय यांनीही तेव्हा जाहीरपणे विचारलं. पुढे फूलनदेवींनी पैसे घेऊन तडजोड केली, म्हणून ‘सगळं पैशासाठीच होतं’ असं म्हणणारे भेटतात. मला ते ऐकवत नाही. मोबदला घेतला म्हणून आधी न विचारल्याची गोष्ट पुसली जात नाही.

दृश्य संयमी आहे, कलात्मक आहे, हे हून यांना उत्तर झालं. फूलनदेवींना ते उत्तर लागूच पडत नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सेन्सॉर बोर्डाकडेही नाही. बलात्काराचं दृश्य कथेला गरजेचं असेल तरच ठेवा, कमीत कमी ठेवा, तपशील दाखवू नका, असं 1991 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जिच्यावर ते गुजरलं तिला विचारलंत का, हे त्यात नाही. आणि तिचं नुसतं नाव छापायचं, तर तिची लेखी परवानगी लागते, असं फौजदारी कायदा 1983 पासून सांगत आलाय.