अंगात येणे

देवता किंवा मृतात्मा आपल्या देहात काही काळ वस्तीला येतो, या श्रद्धेतून उद्भवणारी बदललेली मनोवस्था. वारे येणे, संचार होणे, घुमणे हे तिचे पर्याय. वारे येणारी व्यक्ती म्हणजे देवीचे ‘झाड’. सोलापुरात कन्नड घरांतून ‘मैमेले बरोदु’, तेलुगू विणकर घरांतून ‘पूनकम्’ हे शब्दही ऐकू येतात. कन्नड शब्दात देव अंगावर येतो, मराठीत तो आत शिरतो. नवरात्रात सोलापूरच्या रूपाभवानी मंदिरात आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापूरच्या पायवाटेवर (सु. ४५ किमी.) हा प्रकार दिसतो.

‘वारे’ या शब्दामुळे आयुर्वेदातील वातज उन्मादाशी (वात या शरीरदोषामुळे होणाऱ्या वेडाशी) नाते लावण्याचा मोह होतो. चरकसंहितेची (आजचे रूप बहुधा इ. स. च्या पहिल्या काही शतकांतले) मांडणी त्याला अनुकूल नाही. तीत देव, गंधर्व, पितर इत्यादींमुळे होणारा उन्माद ‘आगंतू’ (बाहेरून आलेला) म्हणून वातादी दोषांच्या उन्मादांपासून वेगळा काढला आहे.

शारीर कारणांबाबत मतभेद आहेत. वाद्याचा ठेका मेंदूतील विद्युत्‌लहरींना आपल्या लयीत ओढतो, असे संशोधक अँड्र्यू नेहर यांनी १९६२ मध्ये सुचवले. फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ झिल्बेर रूजे यांनी १९८० मध्ये ते खोडून काढले : ठेकाच कारण असता, तर अर्धी आफ्रिका वर्षभर घुमत राहिली असती. संबळाच्या बाबतीतही हा आक्षेप अधिक पटण्यासारखा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाली बेटावरील एका अभ्यासात संचारावस्थेतील व्यक्तींच्या रक्तद्रवात डोपामीन, नॉरअ‍ॅड्रेनलीन व बीटा-एंडॉर्फिन (मेंदूतही संदेशवहन करणारी द्रव्ये) वाढलेले आढळले. मात्र रक्तातील ही द्रव्ये मेंदूत सहजी शिरत नाहीत. त्यामुळे या आकड्यांवरून मेंदूतील रसायनांविषयी थेट अनुमान काढता येत नाही. उपवास, जागरण आणि पायपीट यांचाही शरीरावर ताण असतोच.

आजार कशाला म्हणावे, हे रसायनांवरून ठरवले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात (दहावी आवृत्ती) अनिच्छेने येणारा, त्रासदायक आणि धार्मिक वा समाजमान्य प्रसंगाबाहेरचा संचार तेवढा विकार मानला आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही समाजमान्य संचार वगळला आहे. त्यामुळे आरतीला घुमणारी आणि लगेच शुद्धीवर येऊन परडी उचलणारी बाई रुग्ण ठरत नाही. तीच बाई यंत्रमागाच्या शेडमध्ये वारंवार घुमू लागली, तर तपासणीचा प्रश्न येतो. अंगात आल्याचे भासवून इतरांना भीती घालणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.