शब्दाआधी वस्तू : लहान मुलांच्या शब्दसंग्रहात व्हीआर कुठून आलं?

व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी), म्हणजे आपण त्या जागीच आहोत असं भासवणारं दृश्य. त्याचा हेडसेट डोळ्यांवर लावून मुलांना नवे शब्द शिकवायचे, हा विचार नवा वाटतो, पण त्याची पाळंमुळं जुनी आहेत. 1658 मध्ये शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं. वस्तू समोर आणता येत नसेल तर निदान तिचं चित्र तरी दाखवा, हा त्यामागचा आग्रह. 1838 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोनने दाखवून दिलं की, दोन डोळ्यांपुढे किंचित वेगळी चित्रं धरली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो. आजचा हेडसेटही याच तत्त्वावर चालतो. मान वळेल तसं दृश्य बदलणारं यंत्र संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडने 1968 मध्ये केलं. 2014 मध्ये मोबाइल आत ठेवून पाहायचा गूगलचा पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आला आणि हे सगळं शाळांच्या आवाक्यात आलं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांच्या ‘सृजन आनंद’ शाळेने हीच अनुभवाची वाट धरली.

पण नुसतं दिसलं की शब्द येतो का? 1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या मुलांना सहज बोलता बोलता सांगितलं : तो ट्रे आण, निळा नव्हे, ‘क्रोमियम’ रंगाचा. ट्रे होता शेवाळी. रंगाचं ते नाव मुलांना अनोळखी, तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला, आणि कित्येकांच्या मनात त्या शब्दाची काहीतरी खूण पुढेही टिकली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तिथे धडा नव्हता, काम होतं. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस असताना बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू येऊ लागले, तेच व्हिडिओवरून मात्र काही पदरात पडलं नाही.

आता कोल्हापूरचंच घ्या. शहरातल्या कितीतरी मुलांनी गूळ रोज खाल्लेला असतो, पण गुऱ्हाळ पाहिलेलं नसतं. चुलवाणात सारली जाणारी चिपाडं, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी, ती काढणारा गुळव्या, मग काकवी आणि शेवटी गूळ. 360 अंशांच्या, म्हणजे चहूबाजूंना वळून पाहता येणाऱ्या चित्रफितीत हे सगळं आपापल्या जागी दिसतं. पुस्तकातल्या सुट्या चित्रांत ते जमत नाही. आच आणि वास मात्र कुठल्याच पडद्यावर येत नाही. म्हणून जिथे सहल जमते तिथे सहलच.

हेडसेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बालवाडीच्या वयाला तो नको. ही यंत्रं मोठ्यांच्या डोळ्यांमधलं अंतर धरून बनवलेली असतात. लहान मुलांचं ते अंतर कमी असल्याने चित्र नीट जुळत नाही. शिवाय अर्ध्या किलोच्या आसपासचं ओझं मानेवर येतं. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने 2023 मध्ये वयाची अट 13 वरून खाली आणली, तरी ती 10 वर्षांवरच थांबली. तीच चित्रफीत टॅबवर बोटाने फिरवत चार-पाच मुलांना एकत्र दाखवता येते, आणि बाईंना मध्येच थांबून विचारता येतं, “गुळव्या आता काय काढतोय?”