टोइंग कपॅसिटी आणि पेलोड: गाडी किती ओढते आणि गाडीवर किती बसतं

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं वारं शिरतं, आणि दरवर्षी तेच वाक्य कानावर पडतं. "आपली एसयूव्ही ५,००० पौंड ओढते, कॅम्पर भरून ४,००० चा होईल, म्हणजे हजार पौंड हातात आहेत." ऐकायला बिनतोड वाटतं. पण इथे गणितच चुकीच्या आकड्यावर केलेलं असतं, आणि त्याच गणितावर आई-बाबांना मागच्या सीटवर बसवून लोक आय-७५ महामार्गाला लागतात.

टोइंग कपॅसिटीबद्दल फार सांगायला नको, तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. गाडी मागे किती वजन ओढू शकते, ते. जाहिरातीत असतो, विक्रेत्याच्या तोंडी असतो. तो खोटाही नसतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकानुसार आकडा काढायचा तर ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. चढावर गाडी तापून बसता कामा नये आणि वेगही ठरावीक मर्यादेच्या खाली जाता कामा नये. कसोटी कडक आहे. फक्त त्या हिशेबात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुलं नाहीत, आजी-आजोबा नाहीत, कूलर नाही, तांदळाची पिशवी नाही.

पेलोड म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं त्याची मर्यादा. माणसं, सामान, छतावरची पेटी, नंतर बसवलेला हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), सगळं त्यात आलं. हा आकडा जाहिरातीत ठळक नसतो. चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबाला, टायरमधल्या हवेची माहिती देणारं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या, इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. हाच तो आकडा, आणि तो तुमच्या मॉडेलचा नसून तुमच्या दारात उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा आहे. शेजाऱ्याकडे हेच मॉडेल असेल, पण त्यात सनरूफ आणि मोठी चाकं असतील, तर त्याच्या स्टिकरवर वेगळा आकडा दिसेल. म्हणून इंटरनेटवरून पेलोड शोधून आणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पार्किंगमध्ये जाऊन दार उघडायला एक मिनिट लागतं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. घोळ होतो तो पुढे. लोकांना वाटतं की ओढायचं खातं वेगळं आणि वाहायचं खातं वेगळं. कॅम्परचं वजन कॅम्परच्या चाकांवर, त्याचा गाडीच्या पेलोडशी काय संबंध?

संबंध आहे. कॅम्पर नुसता मागून येत नाही, तो गाडीवर टेकलेला असतो. बैलगाडी आठवा. सगळं ओझं चाकांवर असतं, तरी थोडं बैलांच्या मानेवर येतंच, आणि ते यावंही लागतं. पुढे फार ओझं झालं तर गाडी धुरजड होते, बैलांच्या माना दबतात. मागे फार झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. ट्रेलरचंही तसंच. कॅम्परच्या दांडीचं टोक हिचच्या बॉलवर जेवढं वजन टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. हे टंग वेट संपूर्णपणे गाडीच्या पेलोडमध्ये मोजायचं. कॅम्पर ओढला जातो, पण त्याचा हा हिस्सा गाडीच्याच अंगावर असतो.

आता एका नेहमीच्या कुटुंबाचा हिशेब करू. तीन रांगांची एसयूव्ही आहे, टोइंग कपॅसिटी ५,०००, हिचवर टंग वेटची मर्यादा ५००, आणि दारावरच्या स्टिकरवर १,३५० पौंड. नवरा-बायको मिळून ३०५. दोन मुलं १४०. पुण्याहून आलेले आई-बाबा ३०५. झाले ७५०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (त्याबद्दल पुढे) ८० पौंडांचा, म्हणजे ८३०. बॅगा, कूलर, खुर्च्या, शेगडी आणि डब्यांची पिशवी धरून १५०. एकूण ९८०. उरले ३७०.

कॅम्पर भरून ४,००० पौंड. बारा टक्क्यांनी टंग वेट ४८०.

म्हणजे ओढण्याच्या बाजूला हजार पौंड शिल्लक आणि हिचच्या मर्यादेतही २० पौंड शिल्लक, तरी गाडी ११० पौंडांनी जास्त भरलेली आहे. इंजिन तक्रार करणार नाही. चढ आरामात चढेल. डॅशबोर्डवर लाल दिवा लागणार नाही. म्हणूनच "काही झालं नाही, गाडी मस्त ओढते" हे उत्तर मला चालत नाही. ओढणं इंजिनाचं काम आहे. वाहणं स्प्रिंग, टायर, आस आणि ब्रेक यांचं काम आहे, आणि ती मंडळी बोलत नाहीत.

शिवाय ते ४८० पौंड गाडीवर सारखे पसरत नाहीत. बॉल मागच्या आसाच्याही मागे असतो. समजा पुढच्या-मागच्या आसांत ११० इंच अंतर आहे आणि बॉल मागच्या आसापासून ४४ इंच मागे आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचे १९२ पौंड उचलले जातात आणि मागच्या आसावर ४८० नव्हे, ६७२ पौंड येऊन पडतात. त्यात तिसऱ्या रांगेत माणसं आणि त्यांच्या मागे सामान. मागचे टायर दबलेले, पुढचे हलके. वळवणारी चाकं पुढची, आणि ब्रेकचं बरंचसं कामही पुढच्याच चाकांचं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागले की ओळखावं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि ओल्या, शेवाळलेल्या रॅम्पवरून बोट वर काढायची असेल, तर चाकं जागच्या जागी फिरतात ती याच कारणाने.

एवढा हिशेब ऐकला की हुशार माणूस लगेच तोडगा काढतो: "मग कॅम्परमधलं सामान मागे सरकवू, सायकली मागच्या बंपरला लावू, टंग वेट कमी होईल." होईल. हिशेब कागदावर जमेल. आणि या सगळ्या विषयात याहून धोकादायक सल्ला दुसरा नाही. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी थोडं, मग शेजारून मोठा ट्रक गेला, उतार लागला, वेग वाढला, की तो झोका प्रत्येक खेपेला मोठा होत जातो, आणि एका वेगाच्या पुढे ट्रेलरच गाडीला फिरवतो. भाड्याच्या ट्रेलरवर ६० टक्के सामान पुढच्या अर्ध्या भागात ठेवा अशी सूचना असते ती याचसाठी. दांडीवरचं वजन गाडीला जड होतं म्हणून ते कमी करणं म्हणजे पेलोडची अडचण सोडवण्यासाठी उलटण्याचा धोका विकत घेणं.

झोका सुरू झालाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्याच्या उलट वळवायला जायचं नाही. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा जो ब्रेक कंट्रोलर गाडीत बसवलेला असतो, त्याच्या हाताने चालवायच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ते बटण कुठे आहे हे न बघता बोटाला कळलं पाहिजे. निघण्यापूर्वी घरासमोर दोनदा दाबून बघा.

दुसरा गैरसमज वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचा. नाव ऐकून वाटतं की वजन वाटून गेलं, पेलोड वाढला. हा हिच चांगला आहे, मी तो आग्रहाने सांगेन. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या पुढच्या आसावरून उचललेलं वजन बऱ्याच अंशी परत पुढे नेतात आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. स्टिअरिंगला पुन्हा पकड येते. पण दारावरच्या स्टिकरवरचा आकडा त्याने बदलत नाही, उलट हिचचं स्वतःचं वजन त्यातून वजा होतं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो वापरूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेव्हा आधी ते पान वाचा. मागच्या स्प्रिंगला हवेने फुगवायच्या पिशव्या (एअर बॅग) बसवून गाडी सपाट दिसायला लागली म्हणजे भार कमी झाला, हेही तसंच. गाडी सपाट दिसते, एवढंच.

"मग पिकअपच घेतो" हे अर्धंच उत्तर आहे. हाफ-टन म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातली पिकअप दहा हजार पौंडांच्या वर ओढते, पण महागड्या ट्रिममध्ये चामड्याच्या सीटा, सनरूफ आणि चारही चाकांची ड्राइव्ह आली की पेलोड खाली येतो. पाच माणसं आणि ८,००० पौंडांचा ट्रेलर म्हटलं तर टंग वेटच हजाराच्या घरात जातं. ट्रक मोठा दिसतो म्हणून दार न उघडता सही करू नका.

खरे उपाय साधे आहेत. गाडीतलं जड सामान कॅम्परमध्ये त्याच्या आसाच्या वरच्या भागात ठेवा. तिथलं वजन ट्रेलरची चाकंच उचलतात, दांडीवर फारसं येत नाही. एक पाण्याचा गॅलन ८ पौंडांहून जास्त भरतो, तेव्हा टाकी घरून भरून नेऊ नका, कॅम्पग्राउंडवर नळ असतो. टाकी आसाच्या मागे असेल तर रिकामी केल्यावर दांडीवरचं वजन वाढतं, हे मात्र ध्यानात ठेवा. आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून येऊ द्या. किंवा ३,००० पौंडांचा कॅम्पर घ्या. मुलांना काही फरक पडत नाही. आणि ब्रोशरमधलं कोरडं वजन हिशेबात धरूच नका. त्यात पाणी नसतं, भांडी नसतात, अंथरुणं नसतात, बरेचदा बॅटरी आणि गॅसची टाकीही नसते.

जर्मनीतली मराठी मंडळी म्हणतात की त्यांच्याकडे दीड टनाचा कॅराव्हॅन बॉलवर ७५ ते १०० किलोच टाकतो. बरोबर आहे. तिथले कॅराव्हॅन तसे बांधलेले असतात आणि ट्रेलरसाठी वेगाची मर्यादा सहसा ताशी ८० किलोमीटर आहे. तो टक्का घेऊन इथल्या कॅम्परला लावू नका.

बाकीच्या गोष्टींवर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्या मला किरकोळ वाटतात. बॉल कपलरवर (दांडीच्या टोकाच्या खोबणीवर) लिहिलेल्या मापाचाच हवा, दोन इंच म्हणजे दोन इंच. चार पिनांच्या प्लगने फक्त दिवे लागतात, इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचा लागतो. मोठ्या क्लासचा हिच बसवल्याने गाडीची ताकद वाढत नाही. साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरक्या अडकवायच्या. ट्रेलरच्या ब्रेकबद्दल मात्र मी हट्टी आहे. अनेक राज्यांचा कायदा ३,००० पौंडांपासून ते मागतो, पण बऱ्याच गाड्यांचं मॅन्युअल १,००० पासूनच मागतं. मॅन्युअलचं ऐका.

टंग वेट घरीही मोजता येतं. भरलेल्या छोट्या ट्रेलरची दांडी लाकडी ठोकळ्यावर, ठोकळा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर, दांडीची उंची हिचला जोडल्यावर असते तेवढीच, आणि ट्रेलरच्या चाकांना उटी. काट्याच्या आवाक्याबाहेर असेल तर एक फळी घ्या, तिचं एक टोक पाइपवर आणि दुसरं काट्यावर. दांडी पाइपपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा, काट्याच्या आकड्याला तीनने गुणा. फळीचं वजन काट्यावर आधी शून्य करून घ्या.

पण पहिल्या मोठ्या सहलीला, मिशिगनमधल्या मॅकिनॉ पुलावरून अप्पर पेनिन्सुलाला जायच्या आधी, वाटेतल्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, थांबाच. सगळी माणसं गाडीत बसलेली, टाकी भरलेली. पुढचा आस एका पट्टीवर, मागचा दुसऱ्यावर, कॅम्पर तिसऱ्यावर. पावतीवर तिन्हींचे वेगवेगळे आकडे येतात. पहिले दोन आकडे दाराच्या चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरशी ताडून बघा. त्यावर प्रत्येक आसाची मर्यादा आणि भरलेल्या गाडीची एकूण मर्यादा छापलेली असते. दोन्ही आकड्यांची बेरीज एकूण मर्यादेच्या आत हवी. मागच्या आसाचा आकडा आधी बघा. एसयूव्हीत तिसरी रांग भरलेली असेल तर पहिल्यांदा तोच ओलांडला जातो, आणि तो ओलांडलेला दिसला तर तिथल्याच पार्किंगमध्ये सामान कॅम्परमध्ये हलवून पुन्हा वजन करा. दांडीवरचं वजनही बघायचं असेल तर कॅम्पर सोडून गाडी एकटी, तीच माणसं बसवून, परत काट्यावर न्या. कॅम्पर जोडलेला असताना वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या काढून केलेल्या वजनातून हे वजन वजा केलं की टंग वेट हातात येतं.