पिरॅमिड गुलामांनी बांधले नाहीत

चाबूक उगारलेला मुकादम आणि साखळदंडातले गुलाम: गिझाचं हे चित्र अजूनही सर्रास फिरतं. दोष प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला देतात. पण त्याने लिहिलेत ते तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबणारे १,००,००० लोक, आणि तेही बांधकामानंतर दोन हजार वर्षांनी.

गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खूफू राजाच्या खुद्द काळातला पुरावा २०१३ मध्ये तांबड्या समुद्रालगत वादी अल-जर्फला सापडला. पपायरसवरची ही रोजची नोंदवही मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची. हाताखाली सुमारे ४० माणसं. वर महिना, खाली दर दिवसाला दोन रकाने: तुराच्या खाणीत दगड भरले, नावेने निघालो, मुक्काम अमुक ठिकाणी. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. तुराचा हा शुभ्र चुनखडक मुख्यतः बाहेरच्या आवरणाचा. आतले बहुतेक दगड गिझातलेच. आपल्याकडच्या कुठल्याही साइटचं हजेरीबुक आठवावं, इतकं ते ओळखीचं वाटतं!

१९९० मध्ये पिरॅमिडजवळच कामगारांच्या कबरी मिळाल्या. मृतांसोबत बिअर आणि पावाची भांडी, हाडांवर नीट बसवून जुळलेले फ्रॅक्चर. गुलामांना राजाच्या थडग्याशेजारी असा मान कोण देईल?

म्हणून ते सगळे राजीखुशीने आलेले पगारी मजूर होते, असं म्हणणंही चूकच. कुशल कारागीर कायमचे होते. बाकीच्यांची भरती राज्याच्या सक्तीच्या पाळीने होई, मोबदला धान्य, पाव, बिअर. त्यांच्या मणक्यांवर आणि गुडघ्यांवर ओझ्याची झीज स्पष्ट दिसते.