पाठुंगळीचा डाव

कोरियात लेकराला पाठुंगळीला घेण्यासाठी ‘ऑप्ता’ असं क्रियापद आहे. त्यावरूनच तिथल्या ज्युदोतल्या एका नावाजलेल्या डावाला ‘ऑबॉचिगी’ म्हणतात, म्हणजे पाठुंगळीला घेऊन आपटणं. जपानी नाव सेओइ-नागे. आपल्या तालमीतल्या एखाद्या पैलवानाला तो दाखवा, तो लगेच म्हणेल, ‘अहो, हा तर धोबीपछाड!’

दक्षिण कोरियाचा ज्युदोपटू जॉन गी-यंग हा या डावाचा बादशहा. 1993, 1995 आणि 1997 अशी तीन जागतिक विजेतेपदं, मधे 1996चं अटलांटा ऑलिम्पिक सुवर्ण. त्याचे डाव पाहताना मला दर वेळी वाटतं, समोरच्या माणसाला वजनच नाही की काय? वजन असतंच. ते उचलायची वेळ मात्र तो स्वतःवर येऊ देत नाही.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. त्यातून खाली सोडलेला ओळंबा दोन पावलांच्या मधल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. ओळंबा चवड्यांच्या पुढे गेला की तोल गेलाच. कोरियन खेळाडू बाही पुढे खेचतो, गर्रकन पाठ फिरवतो आणि गुडघे वाकवून स्वतःची कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याखाली नेतो. आता कंबर झाली टेकू. हात वरून पुढे ओढतायत, कंबर खालून मागे रेटतेय, म्हणजे माणूस फिरणारच. 60 किलोच्या माणसाला 10 सेंटीमीटर उचलायला सुमारे 60 ज्यूल ऊर्जा लागते. तोच मीटरभर खाली आला तर गुरुत्वाकर्षण जवळपास 600 ज्यूल देतं. म्हणजे बरंचसं काम पृथ्वीच करते! कंबर चार बोटं वर राहिली, तर मात्र सगळा भार खांद्यावर येतो आणि डाव फसतो.

पण समोरचा काही खांब नव्हे. म्हणून आधी त्याला किंचित मागे रेटायचं. तोल सावरायला तो आपसूक पुढे झुकतो, आणि नेमका त्याच क्षणी आत शिरायचं. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतो. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद त्याहून चपळ. त्यामुळे मुरलेला खेळाडू मुठीतल्या कापडाच्या ताणावरूनच समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे ओळखतो. ही जाण पुस्तकातून येत नाही. जोडीदाराला न आपटता डावात फक्त शिरायचं, बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं, असं हजारो वेळा. या सरावाला कोरियनमध्ये ‘इखिगी’ म्हणतात. अंगवळणी पाडणं, याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही.

1964मध्ये एका कांस्यपदकानं सुरुवात झालेल्या दक्षिण कोरियानं 1984 ते 2012 या काळात ज्युदोत 11 ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवली. नंतर सुवर्ण हुलकावणी देत राहिलं, तरी 2024मध्ये पॅरिसहून संघ पाच पदकं घेऊन परतला.

या यशाची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. वजनी गटात बसण्यासाठी खेळाडू झटपट वजन उतरवतात, आणि झटपट उतरतं ते मुख्यतः पाणी. रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाला जास्त धडधडावं लागतं, घामावाटे शरीर थंड ठेवणंही जमेनासं होतं. अटलांटाच्या तयारीत असलेला 22 वर्षांचा एक गुणी कोरियन ज्युदोपटू 1996मध्ये असंच वजन उतरवताना हृदय बंद पडून गेला. हल्ली वजन आदल्या दिवशी होतं. शिवाय स्पर्धेच्या सकाळी काही जणांचं अचानक पुन्हा करतात, आणि ते गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त भरलेलं चालत नाही. माझ्या मते एवढ्यानं भागत नाही.

60 किलो गटातल्या चोई मिन-होनं हे सोसलं होतं. 2004मध्ये अथेन्सला वजन उतरवल्यामुळे ऐन लढतीत त्याच्या पायांत गोळे आले आणि कांस्यावर समाधान मानावं लागलं. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्यानं पाचही लढती ‘इप्पॉन’नं, म्हणजे लढत तिथल्या तिथे संपवणाऱ्या पूर्ण गुणानं जिंकल्या. अंतिम लढत संपली तेव्हा तो मॅटवरच ओक्साबोक्शी रडत होता. हरलेला ऑस्ट्रियाचा लुडविग पाइशर त्याच्याजवळ गेला, त्याला उठवलं आणि त्याचा हात धरून वर केला.